सांधण दरीत शनिवार-रविवार: मित्रांसोबत जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपली की सांधणविषयीचे प्रश्न येऊ लागतात आणि ते होळीपर्यंत थांबत नाहीत. गेल्या काही हंगामांत ज्यांची उत्तरे पुन्हा पुन्हा द्यावी लागली, ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात पुन्हा दिलेला नाही. त्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सांधण दरी नेमकी कुठे आहे, आणि सगळे तिचे इतके कौतुक का करतात?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाच्या पश्चिमेला, साम्रद नावाचे छोटे गाव आहे. गावापासून थोडे चालत गेले की सपाट माळावर जमीन अचानक दुभंगलेली दिसते आणि ती भेग पश्चिमेकडे कोकणात उतरत जाते. दरी हा शब्द आता रूढ झाला असला तरी ही खरे तर घळ आहे. आपण दरी म्हणतो तेव्हा ऐसपैस पसरलेला खोलगट मुलूख डोळ्यांसमोर येतो. येथे मात्र दोन्ही बाजूंना दोनशे ते तीनशे फुटांच्या कातळभिंती उभ्या आहेत, आणि काही ठिकाणी त्यांच्यामधून दोन-तीन माणसेच शेजारी शेजारी चालू शकतात. तळाशी ऊन पोहोचते ते जेमतेम दुपारी, तेही थोडा वेळ.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून सह्याद्रीचा हा बेसॉल्ट तयार झाला. त्याच्या भेगांमध्ये पावसाचे पाणी शिरत आणि खडक झिजवत राहिले, म्हणून ही वाट निर्माण झाली. ही वाट पाण्याने स्वतःसाठी केलेली आहे, एवढे लक्षात ठेवले तर पुढची बरीच उत्तरे आपोआप समजतील.

२. शनिवार-रविवार एवढ्या वेळात ही भटकंती पूर्ण होते का?

होते, पण शुक्रवारी रात्रीच निघावे लागते. मुंबईकडची मंडळी शेवटच्या लोकलने कसाऱ्याला उतरून तेथून ठरवलेल्या जीपने घोटी-शेंडीमार्गे साम्रदला पोहोचतात. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर आणि शेंडी असा रस्ता आहे. जीप आधी ठरवलेली नसेल, तर मध्यरात्री कसाऱ्याच्या फलाटावर मिळेल त्या वाहनाच्या भरवशावर राहू नये.

शनिवारी सकाळी सातच्या सुमारास घळीत शिरलेला दहा-बारा जणांचा गट दुपार कलेपर्यंत तळाशी पोहोचू शकतो. रात्री तेथे मुक्काम केल्यानंतर रविवारी दोन पर्याय असतात. गाडी साम्रदला ठेवली असेल तर करोली घाटाने चढून परत वर यावे लागते. रेल्वेने आला असाल तर खाली डेहणे गावाकडे उतरून आसनगाव स्थानक गाठता येते. करोली घाटाची चढण सकाळी लवकर सुरू करावी, कारण आदल्या दिवशीच्या दमणुकीनंतर उन्हात ती तीन-चार तास सहज घेते. कोणत्या बाजूने परतायचे हे घरून निघण्यापूर्वी ठरलेले असावे. गाडी साम्रदला आणि माणसे डेहण्याला, अशी अवस्था झालेला गट आम्ही एकदा पाहिला आहे, आणि त्यांचा रविवार सोमवारपर्यंत लांबला होता.

३. जाण्यासाठी योग्य काळ कोणता? जूनमध्ये हिरवळ छान असते, तेव्हा गेलो तर?

नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. मार्च ते मे या काळात डोहांतले पाणी घटते आणि घळीत सावलीही असते, पण परतीची चढण भाजून काढते आणि पिण्याच्या पाण्याची अडचण होते.

जून ते ऑक्टोबर या काळात घळीत उतरू नये. याला अपवाद नाही. शेजारच्या घाटघर परिसरातील पाऊस राज्यातल्या सर्वाधिक पावसांपैकी आहे, आणि माळावर पडलेल्या पाण्याला कोकणात उतरण्यासाठी ही घळ म्हणजे आयती मोरी आहे. घळीत तुम्ही उभे असाल तेथे पाऊस नसतानाही वरून लोंढा येऊ शकतो, आणि दोनशे फुटांच्या उभ्या भिंतींमध्ये बाजूला सरकण्यास जागा नसते. पावसाळ्यातल्या पर्यायांसाठी प्रश्न १४ पाहावा. हंगामाबाहेरच्या अवकाळी पावसासाठी प्रश्न १२ पाहावा.

४. मला पोहता येत नाही. वाटेतल्या डोहांचे काय?

सुरुवातीच्या टप्प्यात पाण्याचे दोन डोह ओलांडावे लागतात. पहिला साधारण गुडघा ते कंबर एवढा असतो. दुसरा अधिक खोल आणि लांब असून हंगामाच्या आरंभी तो छातीपर्यंत येऊ शकतो. दर वर्षीच्या पावसाप्रमाणे ही खोली बदलते, म्हणून गेल्या वर्षीचे छायाचित्र दाखवून कोणी खात्री देत असेल तर ती मानू नये आणि साम्रदच्या वाटाड्याला आदल्या दिवशी विचारावे. पोहता न येणाऱ्यास डोह ओलांडता येतो, मात्र पुढे आणि मागे जाणते माणूस हवे. पाणी बर्फासारखे गार असते आणि तळाचे दगड शेवाळलेले असतात, त्यामुळे बूट काढू नयेत. काठीने चाचपत एकेक पाऊल टाकावे. पाठपिशवीतील सामान आतून जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले असावे. गटातील सर्वांत बुटक्या माणसाच्या छातीच्या वर पाणी जात असेल, तर त्या दिवशी तेथूनच परत फिरावे.

५. रॅपलिंग कधीच केलेले नाही. पहिल्यांदाच थेट सांधणमध्ये करावे का?

करता येते, आणि बहुतेक जण तसेच करतात. डोह आणि मोठमोठ्या धोंड्यांचा टप्पा मागे पडला की दोराने उतरावे लागणारे टप्पे येतात. पहिला सुमारे ४५ फुटांचा आहे आणि नंतरचे त्याहून बरेच लहान. हार्नेसला, म्हणजे कंबर-मांड्यांना बांधायच्या पट्ट्याला, डिसेंडर (दोरावरून उतरताना वेग आवरणारे धातूचे साधन) अडकवून, पाय खांद्याइतके फाकवून, तळवे कातळाला टेकवून मागे रेलत उतरायचे असते. नवख्या माणसाला सर्वांत कठीण जातो तो पहिला क्षण, कारण कड्यावर पाठ करून शून्यात बसण्यास शरीर तयार होत नाही. बहुतेक जण घाबरून कातळाला बिलगतात, आणि बिलगल्यामुळेच त्यांचे पाय घसरतात.

तीन गोष्टींबाबत तडजोड नसावी. पहिली, उतरणाऱ्यास मुख्य दोराशिवाय दुसऱ्या स्वतंत्र दोराचा आधार, म्हणजे बिले, असलाच पाहिजे. हात सुटला तरी तो दोर माणसाला धरून ठेवतो. दुसरी, हेल्मेट टप्प्यापुरते नव्हे तर खाली थांबलेल्यांच्याही डोक्यावर असावे, कारण वरून सुटलेला मुठीएवढा दगड खालच्यालाच लागतो. तिसरी, मोकळे केस, ओढणी, लोंबणाऱ्या नाड्या आणि अंगठ्या यांचा बंदोबस्त आधी करावा. डिसेंडरमध्ये केस अडकून माणूस मध्येच लटकला तर त्याची सुटका करणे हे प्रशिक्षिताचे काम आहे, आणि हार्नेसमध्ये निश्चल लटकून राहणे थोड्या वेळातच धोकादायक ठरते.

शक्य असल्यास आठ-पंधरा दिवस आधी एखाद्या कृत्रिम प्रस्तरारोहण भिंतीवर दोनदा उतरण्याचा सराव करावा. तो सरावाचा तास सांधणमधला अर्धा तास वाचवतो, आणि रांगेत हा अर्धा तास किती महत्त्वाचा असतो ते प्रश्न १३ मध्ये कळेल.

६. आमच्यातल्या एकाकडे दोर आणि हार्नेस आहेत. संयोजकाशिवाय आपले आपण गेलो तर चालेल का?

साहित्य असणे आणि ते वापरता येणे यांत अंतर आहे. हा प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही उलट प्रश्न विचारतो: कातळातला जुना बोल्ट (दोर अडकवण्यासाठी ठोकलेला धातूचा आधार) विश्वासार्ह आहे की नाही हे तुमच्यापैकी कोण ठरवणार? एक आधार निखळला तरी दुसऱ्यावर भार जाईल अशी जोडणी कोणाला येते? मध्येच अडकलेल्या माणसाला वरून कोण सोडवणार? या तिन्हींची उत्तरे नावानिशी देता आली, ती नावे निदान दोन वेगवेगळ्या माणसांची असली आणि त्यांनी मान्यताप्राप्त संस्थेत गिर्यारोहणाचे शिक्षण घेतलेले असले, तर जरूर जावे. एकच जाणकार असेल तर पुरत नाही, कारण तो वर थांबला की खाली कोणी नसते आणि खाली उतरला की वर कोणी नसते.

आणखी एक बाब नवख्यांच्या ध्यानात येत नाही. शेवटचा माणूस दुहेरी दोरावरून उतरतो आणि मग तो दोर खालून ओढून घेतला जातो. त्या क्षणी मागची वाट बंद होते. पुढच्या टप्प्यावर आधार सापडला नाही, कोणाचा पाय मुरगळला किंवा पाणी अपेक्षेपेक्षा अधिक निघाले, तरी ४५ फुटांचा उभा कातळ चढून परतणे सामान्य गटाला जमत नाही. गडावर चुकले तर आल्या वाटेने उतरता येते. सांधणमध्ये तशी सोय नाही.

७. संयोजक अनेक आहेत आणि दरांत मोठा फरक आहे. निवडताना काय पाहावे?

दर शेवटी पाहावा. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले असून त्यानुसार अशा संस्थांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ती आहे का, हे विचारण्यास संकोच करू नये. त्यानंतर एका तुकडीत किती माणसे, त्यांच्यामागे प्रशिक्षित किती, बिले दिला जातो का, दोर किती जुना आहे, आणि स्थानिक वाटाड्या सोबत असतो का, हे विचारावे. चाळीस-पन्नास जणांची तुकडी आणि तीन प्रशिक्षक असे उत्तर आले, तर दर कितीही कमी असला तरी दुसरीकडे पाहावे. प्रश्न विचारल्यावर रागावणारा संयोजक आपले उत्तर देऊनच टाकतो.

८. आमच्या गटात एकाला उंचीची भीती आहे, पण तो आग्रहाने येतो आहे. मध्येच नाही म्हणाला तर?

सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न हाच आहे. सांधणचे दोन भाग मानावेत. साम्रदपासून पहिल्या रॅपलिंगच्या कड्यापर्यंतचा भाग आल्या वाटेने परतण्याजोगा आहे. तेथून पुढचा भाग प्रश्न ६ मध्ये सांगितलेल्या कारणामुळे तसा नाही. म्हणून नाही म्हणण्याची हक्काची जागा पहिल्या कड्याचा माथा ही आहे, आणि तेथे कोणी नाही म्हटले तर त्याच्यासोबत परत जाणारे माणूस आदल्या रात्रीच ठरलेले असावे. हे ठरलेले नसेल, तर भ्यालेला माणूस सगळ्यांचा विरस नको म्हणून हो म्हणतो, आणि मित्रमंडळींत असा होकार फार सहज मिळतो. «अरे, काही होत नाही, बस तू» हे वाक्य प्रेमानेच उच्चारले जाते, पण त्यामुळे समोरच्याची नाही म्हणण्याची सोय संपते.

आमच्या गटात याकरिता एक साधी पद्धत आहे. कड्यावर पोहोचल्यावर गटातील जाणता माणूस प्रत्येकाला बाजूला घेऊन एकट्याने विचारतो. नकार आला तर कारण विचारले जात नाही आणि त्या निर्णयाची नंतर थट्टा होत नाही. परत फिरणाऱ्यांचा दिवस वाया जात नाही, कारण घळीचा सर्वांत देखणा आणि अरुंद भाग तोपर्यंत पाहून झालेला असतो.

९. लहान मुले किंवा साठी ओलांडलेले आईवडील येऊ शकतात का?

पहिल्या कड्यापर्यंत जाऊन परतण्याच्या बेतात चालण्याची सवय असलेले ज्येष्ठ आणि दहा-बारा वर्षांपुढील मुले येऊ शकतात. अडचण उंचीची नसते. अडचण असते ती धोंड्यांवरून उड्या घेत, बसत आणि उठत जाण्याची, जी गुडघ्यांची परीक्षा पाहते. पूर्ण उतराईसाठी मुलाच्या मापाचा हार्नेस मिळणे ही पहिली अट आहे. मोठ्या माणसाचा हार्नेस आवळून बांधणे हा पर्याय नव्हे.

१०. सोबत काय घ्यावे? पिण्याचे पाणी तेथे मिळते का?

तळवा ओल्या कातळावर पकड घेईल असे बूट सर्वांत महत्त्वाचे. नवे कोरे बूट या वाटेवर प्रथमच घालू नयेत, आणि सपाट तळव्याच्या कॅनव्हासच्या बुटांनी तर येऊच नये. प्रत्येकाकडे डोक्याला बांधायची विजेरी, कोरड्या कपड्यांचा एक जोड, जाड हातमोजे, स्वतःची नेहमीची औषधे, मीठ-साखरेची पाकिटे आणि सुके खाणे असावे. पाठपिशवी पाठीवर घट्ट बसणारी हवी. हातात पिशवी घेऊन आलेला माणूस पहिल्याच धोंड्यावर हतबल होतो.

पाणी प्रत्येकी निदान तीन लिटर वरूनच न्यावे. डोहांतून शेकडो माणसे चाललेली असतात, त्यामुळे ते पिऊ नये. तळाच्या मुक्कामाजवळ हंगामाच्या पूर्वार्धात पाणी सापडते, पण ते उकळून किंवा गाळून शुद्ध केल्याशिवाय वापरू नये.

११. मुक्कामाचे, शेकोटीचे आणि जेवणाचे नियम काय आहेत?

हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, म्हणून वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती घ्यावी आणि मुक्कामाविषयी त्या वेळी लागू असलेला नियम तेथेच विचारावा. मद्यपान, मोठ्या आवाजातील गाणी आणि झाडतोड यांना येथे जागा नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर वाळलेले गवत एका ठिणगीने पेटते, त्यामुळे शेकोटीचा मोह टाळावा.

साम्रदमध्ये घरगुती जेवण सांगता येते. तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठले, ठेचा आणि वाफाळता भात, असे ते असते. शहरातून डबाबंद खाद्यपदार्थांची खोकी नेण्यापेक्षा गावात जेवावे, हे आमचे मत आहे. त्यामुळे कचरा कमी होतो, पैसे गावात राहतात, आणि डोहात किती पाणी आहे याची खरी बातमी जेवताना मिळते.

१२. घळीत असताना अचानक ढग भरून आले किंवा अपघात झाला, तर काय करावे?

नोव्हेंबरमध्ये आणि उन्हाळ्याच्या अखेरीस अवकाळी पाऊस येतो. आकाशाची पट्टी घळीतून फार अरुंद दिसते, म्हणून ढगांपेक्षा पाण्याकडे लक्ष द्यावे. नितळ पाणी गढूळ होणे, त्यावरून पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणे, थंड वाऱ्याचा झोत आणि वरून घरघर ऐकू येणे, ही लोंढ्याची चिन्हे आहेत. पहिल्या कड्याच्या आधी असाल आणि केवळ ढग दिसत असतील, तर लगेच माघारी फिरावे. चिन्हे दिसू लागली असतील, तर डोह ओलांडण्याच्या किंवा दोराच्या भानगडीत न पडता जवळच्या सर्वांत उंच, पक्क्या जागी चढावे आणि सामान सोडून द्यावे. अंदाजात वादळी पावसाचा इशारा असताना मुळात निघूच नये.

अपघातात पहिली अडचण संपर्काची असते, कारण घळीत मोबाइल चालत नाही. म्हणून परतण्याची वेळ आणि वाटेचा आराखडा साम्रदमधील एखाद्या घरी सांगून ठेवावा. जखमीजवळ दोघे थांबावेत आणि दोघांनी संपर्क मिळेल तेथे जाऊन ११२ किंवा १०८ या क्रमांकावर कळवावे. एकट्याला पाठवू नये. पाठीला किंवा मानेला मार असेल तर जखमीला हलवू नये. राज्यातील गिर्यारोहकांनी उभारलेले महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर अशा वेळी बचावपथकांशी समन्वय साधते. त्याचा मदत क्रमांक निघण्यापूर्वीच प्रत्येकाने लिहून ठेवावा.

सर्पदंश झाल्यास अवयव स्थिर ठेवावा, अंगठी-कडे काढावे आणि रुग्णालय गाठावे. घट्ट आवळपट्टी बांधणे, चिरा देणे आणि रक्त चोखणे हे तिन्ही प्रकार घातक आहेत. कड्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी असतात; अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा, आणि त्या उठल्याच तर हात न झाडता चेहरा झाकून तेथून दूर व्हावे. दोरावर असलेल्याला आधी खाली घ्यावे.

१३. रॅपलिंग संपण्यापूर्वीच अंधार पडला तर?

जोडून सुट्ट्या आल्या की हे हमखास घडते. एका माणसाला पहिला टप्पा उतरण्यास सरासरी पाच मिनिटे धरली, तरी तुमच्यापुढे साठ माणसे असतील तर पाच तास रांगेतच जातात. एका डिसेंबरमध्ये आम्ही सकाळी अकराला कड्यावर पोहोचलो आणि आमचा शेवटचा माणूस सायंकाळी सहानंतर उतरला. उरलेली धोंड्यांची वाट विजेरीच्या उजेडात पार करताना एकाचा घोटा दुखावला. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की दुपारी एकपर्यंत आपल्या गटाचा पहिला माणूस दोरावर चढला नाही, तर सगळ्यांनी मागे फिरायचे. खाली उतरल्यानंतर अंधार झालाच, तर चालत राहण्यापेक्षा उंचावरची कोरडी, दगड न कोसळणारी जागा पाहून तेथेच रात्र काढावी. तंबू इतरांच्या हाती पुढे पाठवलेले असतात, आणि म्हणूनच कोरडे कपडे व खाणे प्रत्येकाने स्वतःजवळ बाळगावे असे प्रश्न १० मध्ये म्हटले आहे.

१४. पावसाळ्यात सांधण बंद, आणि हंगामात एकदा करून झाली. याच परिसरात दुसरे काय करावे?

पावसाळ्याच्या तोंडावर, मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला, भंडारदऱ्याच्या आसपास झाडे काजव्यांनी लखलखतात. गाडीचे दिवे आणि विजेऱ्या बंद ठेवून ते पाहावे. भर पावसात रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर पाहता येते. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) बारी गावातून चढता येते. तेथे लोखंडी शिड्या आहेत, पण शनिवार-रविवारी शिड्यांवर इतकी गर्दी होते की आम्ही तेथे आडवारी जातो.

कोरड्या ऋतूत रतनगड घ्यावा. रतनवाडीकडून शिड्यांनी चढून, माथ्यावरचे नेढे, म्हणजे कातळातले आरपार भोक, पाहून, त्र्यंबक दरवाजाने साम्रदकडे उतरता येते, आणि त्या उतारावरून सांधणची भेग वरून कशी दिसते तेही कळते. दोराचे काम आवडले असेल तर अलंग, मदन आणि कुलंग हे तीन दुर्ग खुणावतात; त्यांपैकी मदनचा कातळटप्पा चढण्याचा आहे, उतरण्याचा नव्हे, त्यामुळे तेथे सांधणच्या अनुभवावर विसंबू नये. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोहोचवणारी नळीची वाट या सगळ्यांनंतर करावी. ती बेलपाड्याहून सुरू होते, आणि पाण्यासह सर्व ओझे पाठीवर घेऊन दिवसभर चढत राहावे लागते.